पंचनाम्यात न आलेलं

गायरानाच्या कडेला, ओढ्याच्या उताराला,
बाभळीआड एक झाड.
एकच.
मी पोलीस पाटील, म्हणून मला बोलावणं.
औंढ्याहून जीप आलेली,
दोन पंच रोजंदारीवरून उठवून आणलेले,
वजनकाटा किराणा दुकानातला.

जमादार म्हणाले, लिहा : गांजासदृश झाड, नग एक.
उंची?
टेप धरली. जेमतेम कंबरेइतकी.
"एवढंच? माणसाच्या वर जातंय की हे."
फांद्या?
मोजता मोजता पंच चुकला, पुन्हा एकपासून लागला,
सतरावर थांबून म्हणाला,
"साहेब, हे झाड नव्हं, टोपलं हाय."

मी खाली वाकलो.
मधल्या खोडाला शेंडा नव्हता.
होती एक जुनी जखम, वाळून कडक झालेली,
चंद्रकोरीसारखी, एका अंगाला जरा खोल.
विळ्यानं असं होत नाही, कात्रीनं तर नाहीच.
हे अंगठ्याचं नख.
तेही डाव्या.

कौतिकाबाई डावरी.

दहा वर्षांचा होतो, तुरीत तिच्या शेजारची ओळ धरायचो.
तूर दीड महिन्याची झाली, गुडघ्याच्या वर आली,
की ती यायची पोळ्याच्या आधी.
कोवळ्या बेचक्यात नख रोवायची,
टच्.
"रडायलंय की हे," मी म्हणायचो, थेंबाकडं बघून.
"रडू दी. शेंडा असला का झाड नुसतं आभाळाला बोलतंय.
खुडला, का मग शेजाऱ्याला."
दिवस मावळेस्तोवर तिचं नख काळं,
भाकरीला हिरवा, तुरट वास.
मला जमायचं नाही, मी लई खाली तोडायचो.
माझं झाड बघून ती "हं" म्हणायची
आणि पुढं सरकायची.

ह्या झाडाच्या फांद्या खाली ओढून बांधलेल्या,
चिंध्यांनी; चिंधीच्या टोकाला ओढ्यातला गोटा.
गाठ दाव्याची,
वासराच्या गळ्याला फास बसू नये म्हणून घालतात ती.
आणि चिंध्या पोपटी.
बहिणीच्या लग्नात शेतावरच्या बायांना
आम्ही पोपटी लुगड्यांचा आहेर केला होता.
कौतिकाबाईला ते नेसलेलं कधी पाहिलं नाही.

"कोण येतं इकडं?" जमादार.
गुरं येतात, गुराखी येतात, वाटसरू बसतात सावलीला.
मीच सांगितलं, लिहा : अज्ञात इसम.
इसम म्हटलं की मिशाच डोळ्यांपुढं येतात.
तेवढं बरं.

उपटताना मातीचा गोळा आला, त्यात एक गांडूळ.
वजन मातीसकट धरायचं की झाडून,
यावर थोडा वाद झाला.
मग लाख वितळली, सील बसलं, सह्या झाल्या.
एका पंचाचा अंगठा.
कागदावरचा तो निळा अंगठा
मी जरा जास्तच वेळ बघत बसलो.

यंदा शेंडे खुडायला मी मशीन आणली.
बॅटरी पाठीवर, पुढं गरागरा पातं.
तीन एकर एका दिवसात.
सगळी तूर एका उंचीवर,
शाळेत वाटी ठेवून केस कापावेत तशी.
कौतिकाबाई बांधावर आली होती तेव्हा.
विचारलं काहीच नाही.
उभी राहिली घडीभर,
डावा अंगठा पदरानं पुसत,
जसं काही त्याला काही लागलंय.

ते झाड गुडघ्यावर बांधायच्या पाल्यासाठी,
की मठातल्या बैराग्याला विकायला,
की नुसतं हाताला काम म्हणून?
मीही नाही विचारलं.

सगळे सील बघत होते तेव्हा
एक चिंधी मी खिशात टाकली.
विसरलो. सदरा धुण्यात गेला.
पांढऱ्या खिशावर आता पोपटी डाग,
बायको विचारते, कशाचा.

रंग कच्चा होता,
एवढ्या पावसानंतरही सुटतच होता.
वसमतच्या दुकानातून मीच आणली होती ती लुगडी,
डझनावर दोन फुकट,
घासाघीस करून.